'जरा कमी कर' म्हटल्याने अभिनय का सुधारत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे: काही वर्षं रंगमंचावर काम केलेला नट कॅमेऱ्यासमोर उभा राहतो आणि पहिल्याच टेकनंतर त्याला सांगितलं जातं, 'जास्त होतंय, कमी कर.' तो कमी करतो. मग ऐकू येतं, 'आता काहीच पोहोचत नाहीये.' या दोन्हींमधली जागा कुठे असते, आणि दिग्दर्शकाने नेमकं काय सांगितलं म्हणजे ती सापडते?

अशी मधली जागा शोधायला जाऊच नका. 'जास्त' आणि 'कमी' हे मापाचे शब्द आहेत आणि अभिनयातला दोष क्वचितच मापाचा असतो. नट समोरच्या माणसाचं काय करू पाहतोय आणि त्या क्षणी त्याचं लक्ष कुठे आहे, या दोन गोष्टींत दोष असतो. त्या जाग्यावर आल्या की आकार बहुतेक वेळा स्वतःहून बसतो. 'कमी कर' ऐकल्यावर नट आकाराबरोबर इच्छाही काढून टाकतो, म्हणून दुसरा टेक निर्जीव होतो.

हे हवेत बोलण्यापेक्षा एक छोटा प्रवेश घेऊ. थोरली बहीण आणि धाकटा भाऊ. भाऊ चार वर्षांनी घरी आलाय. घर विकायच्या कागदांवर त्याला तिची सही हवी आहे. ती पलंगाशी उभी राहून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालतेय.

भाऊ: बसत नाही. निघायचंय.
बहीण: पंखा लावू?
भाऊ: ताई, सही लागेल तुझी.
बहीण: केस किती पिकले रे तुझे.
भाऊ: तीन ठिकाणी. फक्त तीन.
बहीण: ठेव तिथे.

सहा ओळी. कोणीही कोणाला सरळ उत्तर दिलेलं नाही, घराचं नावही निघालेलं नाही. हा प्रवेश बसवताना पहिली चूक होते ती 'ती दुखावलेली आहे, तो अपराधी आहे' असं ठरवण्यात. ही विशेषणं झाली. विशेषण करता येत नाही, फक्त दाखवता येतं. आणि दाखवायला गेलं की भुवया उतरतात, आवाज ओला होतो, खांदे पडतात. मंचावर ते खपून जातं, क्लोजअपमध्ये उघडं पडतं. पण खोटं ते दोन्हीकडे असतंच.

विशेषणाऐवजी क्रियापद शोधा. मराठीत याची कसोटी सोपी आहे. 'मी त्याला…' किंवा 'मी तिला…' असं म्हणून पुढे क्रियापद बसवून बघा. 'मी त्याला दुःखी होते' हे वाक्य बनतच नाही, म्हणजे ते खेळता येणार नाही. 'मी त्याला थोपवते', 'डिवचते', 'चुचकारते', 'चाचपते', 'लाजवते', 'ताटकळत ठेवते', 'कोंडीत पकडते' ही बनतात, म्हणजे खेळता येतील. आपल्या भाषेत प्रयोजक क्रियापदांची रेलचेल आहे: बसवणं, हसवणं, भुलवणं, वळवणं, नमवणं. प्रत्येकात समोरच्या माणसात घडवायचा बदल आधीच आहे. संहितेच्या समासात पेन्सिलीने प्रत्येक ओळीसमोर असं एक क्रियापद लिहा. एका ओळीला एकच. दोन लिहिलीत तर बोलताना एकही होणार नाही.

वरच्या प्रवेशात 'पंखा लावू?' ला 'मी त्याला थांबवते' हे ठीक आहे, 'मी त्याला बसतं करते' हे जास्त चांगलं. कारण तो बसला की नाही हे डोळ्यांनी कळतं. क्रियापदाला असा दिसणारा शेवट असला की नटीला समोर बघावंच लागतं: बसतोय का? नाही? मग दुसरा उपाय. 'केस किती पिकले रे तुझे' हा तो दुसरा उपाय आहे. तिथे प्रवेश वळतो. तोवर ती यजमानीण म्हणून बोलत होती, इथे ती त्याची मोठी बहीण होते, आणि ते वळण 'रे' या एका अक्षरात आहे. संहिता वाचताना अशा अक्षरांवर बोट ठेवा. 'तू'चं 'तुम्ही' कुठे होतं, नावाने हाक कुठे येते आणि नात्याने कुठे, 'च', 'तर', 'ना', 'बरं' कुठे आहेत. मराठी संवादातले निम्मे वळणबिंदू या टीचभर शब्दांत असतात, आणि घाईच्या पाठांतरात नेमके तेच गळतात.

भावाच्या 'तीन ठिकाणी. फक्त तीन.' मध्ये तो केसांचं वाक्य टाळतोय की त्याला ते लागलंय, हे नटाने ठरवायला हवं. दोन्ही चालेल. दोन्ही एकदम चालणार नाही. 'ठेव तिथे' हे वाक्य सहीला होकार म्हणून, दार बंद करणं म्हणून किंवा 'आता तू जाऊ शकतोस' म्हणून येऊ शकतं. त्यावर पुढचा सगळा प्रवेश अवलंबून आहे, म्हणून हा निर्णय दिग्दर्शकाने नटीबरोबर बसून घ्यावा.

आता मंच आणि पडदा यांतल्या फरकाकडे वळू. हा फरक आधी अंतराचा आहे आणि अंतर मोजता येतं. हनुवटीपासून केसांपर्यंत माणसाचा चेहरा साधारण 20 सेंटीमीटर. 20 मीटरवर बसलेल्या प्रेक्षकाला तो सुमारे अर्ध्या अंशात दिसतो, म्हणजे जवळजवळ आकाशातल्या पौर्णिमेच्या चंद्राएवढा. तेवढ्या चेहऱ्यावरची पापणीची हालचाल दिसत नाही, पण मान वळली, हात मध्येच थांबला, वजन एका पायावरून दुसऱ्यावर गेलं हे स्वच्छ दिसतं. उलट सिनेमागृहाच्या क्लोजअपमध्ये तोच चेहरा काही मीटर उंच होतो.

पण अंतरापेक्षा महत्त्वाचा दुसरा फरक आहे: नजर कोण वळवतं? रंगमंचावर प्रेक्षक हवं तिकडे पाहू शकतो, म्हणून 'आता इकडे बघा' हे काम नटालाच करावं लागतं. तो थांबतो, वळतो, पुढे येतो, बाकीचे नट त्याच्याकडे बघतात किंवा स्थिर होतात. पडद्यावर हेच काम चौकट, लेन्स आणि संकलन करतात. रंगमंचावरून आलेल्या नटाचं कॅमेऱ्यासमोर 'जास्त' होतं ते बहुतेकदा यामुळे: लेन्सने ज्याच्यावर बोट ठेवलंय त्याच्यावरच तोही बोट ठेवतो. अधोरेखिताखाली आणखी एक रेघ. काढायची असते ती ही रेघ. हवं असणं, ऐकणं, अडथळा, धडपड हे सगळं पूर्ण ताकदीने राहू द्यायचं.

तोच प्रवेश दोन्ही माध्यमांत बसवून पाहा. मंचावर केसांच्या वाक्याआधी बहिणीने घडी अर्धवट ठेवून पूर्ण थांबायला हवं, आणि तेवढ्यात भावाने जराही हलता कामा नये. त्याने त्या क्षणी चष्मा पुसला तर वळण मेलं. कागद ठेवायचं टेबल तिच्यापासून लांब, मंचाच्या दुसऱ्या टोकाला हवं, म्हणजे 'ठेव तिथे' नंतर त्याला तेवढं अंतर तिच्याकडे पाठ करून चालावं लागेल. ते चालणं हाच मंचावरचा क्लोजअप. पडद्यावर यातलं काहीच लागत नाही. तिचे हात चालू राहू द्या, नजर त्याच्या कानशिलाकडे जाऊ द्या, आणि घडी घालण्याचा वेग थोडा मंदावला तरी पुरे. इच्छा दोन्हीकडे तीच आहे: याला बसतं करायचंय.

आवाजाचंही असंच. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाजाची पातळी 6 डेसिबलने उतरते. 1 मीटरवरून 16 मीटरवर जाईपर्यंत 24 डेसिबल गेले. बंद सभागृहात भिंतींवरून परतणारा आवाज थोडी भरपाई करतो, पण तो व्यंजनांना पुसट करतो. म्हणून मंचावर आवाज चढवण्यापेक्षा व्यंजनं नीट फुटणं महत्त्वाचं. स्वर जोर वाहून नेतात, अर्थ वाहून नेतात ती व्यंजनं. त्यातही महाप्राण अक्षरं, म्हणजे ख, घ, ध, भ, आधी विरघळतात.

मराठी नटाला एक खास सापळा आहे. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि नकार त्याहूनही शेवटी. 'मी तुला सोडून जाणार नाही' यातला 'नाही' श्वास संपल्यामुळे पडला की शेवटच्या रांगेला नेमका उलटा अर्थ ऐकू येतो. वाक्य उतरत जाण्याची सवय बहुतेकांना असते. उपाय असा की श्वास वाक्याच्या सुरुवातीला न मोजता शेवटच्या शब्दासाठी राखून ठेवायचा. तालमीत दोन दिवस प्रत्येक वाक्याचा शेवटचा शब्द म्हणताना हाताने टेबलावर हलकी थाप मारून बघा. सवय मोडते. थाप नंतर सोडून द्यायची, नाहीतर तीच नवी चाल होऊन बसेल.

कॅमेऱ्यासमोर आवाज कुठवर पाठवायचा? समोरच्या पात्रापर्यंत. मायक्रोफोन अनेकदा कपड्यात, हनुवटीखाली वीतभर अंतरावर असतो. त्याला काही 'पोहोचवायचं' नसतं. मात्र पात्र खोलीच्या दुसऱ्या टोकाला असेल तर आवाज तेवढाच लागेल, मग कॅमेरा नाकाशी का असेना. याच जागी खूप जण चुकतात: क्लोजअप आहे म्हणून कुजबुजतात, आणि कापून जोडल्यावर तोच माणूस वाइड शॉटमध्ये मोठ्याने आणि क्लोजअपमध्ये पुटपुटत बोलतोय असं होतं. आवाजाचा पल्ला शॉटवर ठरत नाही, पात्रांमधल्या अंतरावर ठरतो.

टेकच्या आधी एक प्रश्न नक्की विचारा: 'फ्रेम कुठवर आहे?' पूर्णाकृती शॉटमध्ये चालणं आणि उभं राहणं बोलतं. कमरेपर्यंतच्या चौकटीत हात येतात की नाही हे कळायला हवं. वस्तू हाताळायची असेल तर छातीच्या उंचीपर्यंत आणावी लागते, आणि ती तशी आणण्याला कारण लागतं. क्लोजअपमध्ये डोकं सवयीपेक्षा निम्मंच हलवायचं. तिथे नजरेचा एक साधा नियम फार उपयोगी पडतो: समोरच्या नटाच्या दोन्ही डोळ्यांत आलटून पालटून बघू नका, लेन्सला जवळ असलेल्या एकाच डोळ्यात बघा. दोन डोळ्यांमधली ती उडी एरवी जाणवतही नाही, मोठ्या पडद्यावर मात्र बुबुळं थरथरल्यासारखी दिसतात. एखादी गोष्ट ध्यानात येते तेव्हा आधी डोळे जातात, मग मान, मग धड. हा क्रम उलटला की प्रेक्षकाला का ते कळत नाही, पण विश्वास बसत नाही. पापणी न लवण्याचा मात्र हट्ट धरू नका. विचार बदलतो तिथे ती आपोआप लवते. रोखून धरलेले डोळे मृत दिसतात.

जमिनीवर आखलेल्या खुणेवर नेमकं थांबणं नटांना कारकुनी वाटतं, म्हणून आकडाच देतो. पूर्ण आकाराच्या सेन्सरवर 85 मिलिमीटरची लेन्स, अॅपर्चर (प्रकाश आत येण्याचं छिद्र) 2, नट 2 मीटरवर: चेहरा स्पष्ट राहण्याची खोली अवघी सहा-सात सेंटीमीटर असते. नाकाच्या टोकापासून कानापर्यंतचं अंतरही याहून जास्त आहे. भावनेच्या भरात नट थोडा पुढे झुकला की डोळे धूसर, आणि त्याचा सगळ्यांत खरा टेक वाया. खुणेवर न बघता पोहोचायचं असेल तर आधी खुणेवर उभे राहा, संवाद मनात म्हणत उलटं चालत सुरुवातीच्या जागी या, पावलं मोजा. शिवाय आजूबाजूच्या दोन वस्तू एका रेषेत आल्या की आपण पोहोचलो, अशी डोळ्यांच्या कोपऱ्यातून कळणारी खूण पकडून ठेवा.

वेगवेगळे शॉट एकमेकांशी जुळावेत म्हणून क्रिया शब्दाला बांधा. चष्मा 'सही' या शब्दावर काढला असेल तर प्रत्येक शॉटमध्ये त्याच शब्दावर निघाला पाहिजे. म्हणून मास्टर शॉटमध्ये, म्हणजे पूर्ण प्रवेश सलग टिपणाऱ्या शॉटमध्ये, तेवढंच करा जेवढं दहा वेळा पुन्हा करता येईल. एका पानाच्या प्रवेशाला तीन-चार क्रिया पुरतात. आपल्या प्रवेशातल्या बहिणीने कोणत्या ओळीपर्यंत किती कपडे घडी केले हे तिला स्वतःला ठाऊक हवं, सगळं कंटिन्युटी सांभाळणाऱ्यावर सोडून चालत नाही. एकट्याच्या शॉटमध्ये समोरच्याच्या वाक्यावर वाक्य चढवू नका, दोन आवाज एकमेकांत अडकले की संकलकाला कापता येत नाही. पहिल्या वाक्याच्या आधी आणि शेवटच्या वाक्यानंतर दोन-तीन सेकंद पात्रातच राहा. कापायच्या जागा बहुतेकदा तिथे सापडतात.

आणि कॅमेरा तुमच्याकडे नसेल तेव्हा समोरच्या नटाला तुमची ओळ पूर्ण द्या. तुम्ही फोन बघत ओळ वाचलीत तर त्याचा क्लोजअप पडतो, आणि त्या क्लोजअपमध्ये तो ज्या माणसाला प्रतिसाद देतोय ते पात्र तुमचंच आहे.

चित्रीकरण गोष्टीच्या क्रमाने होत नाही, याचाही बंदोबस्त हवा. प्रत्येक प्रवेशासाठी एका कागदावर चार गोष्टी लिहून ठेवा: पात्र आत्ता कुठून आलं, त्याला या घडीला काय माहीत आहे, काय अजून माहीत नाही, आणि शरीर कोणत्या अवस्थेत आहे. 'काय माहीत नाही' हा रकाना सगळ्यांत मोलाचा. शेवटचा प्रवेश सकाळी करून झालेला नट दुपारी पहिल्या प्रवेशात नकळत शेवट माहीत असलेल्या माणसासारखा वागतो.

पडद्यावर 'काही करू नका' या सल्ल्याला एक जुना आधार दिला जातो. 1920च्या आसपास रशियात चित्रपट दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह यांनी एका नटाचा एकच, फारसा भाव नसलेला शॉट वेगवेगळ्या दृश्यांशेजारी जोडला आणि प्रेक्षकांना त्या एकाच चेहऱ्यात वेगवेगळे भाव दिसले, असं सांगितलं जातं. प्रेक्षक अर्थ भरतो हे खरंच आहे. पण त्यावरून 'रिकामा चेहरा ठेवा' हा निष्कर्ष काढणं मला पटत नाही. पूर्ण प्रवेश ज्याला पेलायचा आहे त्या चेहऱ्यामागे काहीच चाललं नसेल, तर आठ-दहा सेकंदांत ते कळतं. कुलेशोव्हकडून घ्यायचं ते इतकंच: शेजारच्या शॉटने सांगितलेलं पुन्हा सांगू नका.

भावनेबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण सगळ्यांत जास्त ताण इथेच असतो. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायातलं सूत्र आहे: विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांच्या संयोगातून रस निष्पन्न होतो. परीक्षेसाठी ते पाठ करणारे पुष्कळ. तालमीत ते हत्यार म्हणून वापरणारे कमी. त्याची रचना बघा. विभाव म्हणजे कारण आणि परिस्थिती. अनुभाव म्हणजे बाहेर दिसणारे परिणाम. व्यभिचारी म्हणजे येऊन जाणाऱ्या अवस्था: शंका, लाज, चिंता, गर्व अशा एकूण 33. आणि सूत्रात स्थायी भावाचा, म्हणजे शोकासारख्या टिकून राहणाऱ्या मूळ भावनेचा, उच्चारच नाही! नटाने शोक 'करायचा' नाही. त्याने कारण पक्कं करायचं, मधल्या अवस्थांमधून जायचं, आणि रस प्रेक्षकाकडे तयार होतो. बहिणीचा प्रवेश पडतो तेव्हा बघा, नटी पहिल्या ओळीपासून शोक धरून बसलेली असते. तिथे लाज हवी, थोडा गर्व हवा, 'याने चार वर्षांत फोन केला नाही' ही चीड हवी, मग आशा. एवढ्या गोष्टी सहा ओळींत मावतात, कारण त्या येऊन जाणाऱ्या आहेत.

अश्रू, कंप, स्वरभंग, रोमांच हे त्याच ग्रंथात सात्त्विक भावांत, म्हणजे मन हेलावल्यावर शरीरावर आपोआप उमटणाऱ्या खुणांत, मोडतात. ते आठ आहेत, आणि त्यांपैकी एकही हुकमाने आणायचा प्रयत्न करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. रडू आणायला गेलेला नट आत वळतो, समोरच्याला विसरतो, आणि प्रवेश तिथेच थांबतो. माणूस खऱ्या आयुष्यात रडू आवरायची खटपट करतो. ती खटपट खेळता येते. 'डोळ्यांत पाणी आण' ऐवजी 'त्याला कळू देऊ नकोस, आणि शर्टाची कड नीट जुळव' असं सांगून बघा. पाणी आलं तर आलं. नाही आलं तरी प्रवेश चालतो. स्वतःच्या आयुष्यातली जखम उकरून भावना आणण्याची पद्धत काही नटांना लागू पडते, पण ती दर प्रयोगाला तितकीच हाताशी येत नाही आणि माणसाला दमवते. रशियन दिग्दर्शक आणि अभिनयशिक्षक स्तानिस्लावस्की स्वतः शेवटच्या वर्षांत शारीरिक क्रियांकडून भावनेकडे जाण्याच्या वाटेवर भर देऊ लागले होते. त्यामागे याच अडचणीचा अनुभव होता.

दिग्दर्शकाच्या बाजूने पाहायचं तर कामाचा निम्मा भाग निदानाचा आहे. काही तपासण्या रोज उपयोगी पडतात. नट ऐकतोय का, हे बघायचं असेल तर समोरच्या नटाला गुपचूप सांगा की ओळ वेगळ्या पद्धतीने दे. उत्तर आधीसारखंच आलं तर तो ऐकत नाही, स्वतःच्या ओळीची वाट बघतोय. दार वाजायच्या आधी खांदा दाराकडे वळला तर त्याला पुढचं माहीत आहे हे शरीराने सांगून टाकलं. त्याला त्या क्षणी दुसऱ्या कशात तरी खरोखर गुंतवा, उदाहरणार्थ सुईत दोरा ओवायला द्या. हात उगाच फिरत असतील तर हातांना बंदी घालू नका, काम द्या. विचार करताना प्रत्येक वेळी नजर जमिनीवर जात असेल तर ती सवय आहे. माणसं विचार करताना कधी कधी समोरच्याच्याच चेहऱ्यावर काहीतरी शोधत असतात. आणि पॉझ. पॉझमध्ये काहीतरी ठरायला हवं. नटाला विचारा, 'या पॉझमध्ये तू काय ठरवलंस?' उत्तर नसेल तर पॉझ काढा.

चाल लागणं हा मंचावरचा जुना रोग. मूळ बहुतेकदा पाठांतरात असतं: ओळी मोठ्याने, भावासकट पाठ केल्या की सूर शब्दांना चिकटतो. पाठ करताना सपाट म्हणा, चालता चालता, भांडी घासताना. आधीच चाल लागलेली असेल तर पूर्ण प्रवेश स्वतःच्या शब्दांत बोलायला लावा, मग कुजबुजत, मग दोघांमध्ये दहा मीटर अंतर ठेवून, आणि शेवटी मूळ संहितेवर या. एका बैठकीत फरक दिसतो.

सूचना देण्याचा क्रम मी असा ठेवेन: आधी परिस्थिती ('तू तीन मजले चढून आलायस आणि खाली रिक्षा थांबलीय'), मग क्रियापद, मग अडथळा, आणि सगळ्यांत शेवटी वेग. दोन टेकच्या मध्ये एकच सूचना. फार तर दोन. तीन दिल्या की नट त्या आठवत बसतो. जवळ जाऊन, हळू आवाजात द्या. सगळ्या युनिटसमोर ओरडून दिलेली सूचना म्हणजे जाहीर निकाल होतो. ओळ बोलून दाखवू नका. नट सूर उचलेल, कारण उचलणार नाही, आणि परिस्थिती जरा बदलली की तो सूर बेवारशी होईल. चांगल्या क्षणाचं कौतुक करतानाही जपा. 'तुझा हात तिथे मध्येच थांबला ना, ते फार छान' म्हटलंत की पुढच्या टेकमध्ये हात थांबेल, पण आता तो तुमच्यासाठी थांबलेला असेल. 'तू त्याला जाऊ देत नव्हतीस, ते तसंच ठेव' असं म्हणा, म्हणजे कारण जपलं जातं. चार-पाच टेक झाले आणि काही हलत नसेल तर बोलणं बंद करा, एखादी भौतिक गोष्ट बदला: उभ्याचं बसणं, अंतर निम्मं, हातातली वस्तू दुसरी.

नाटकाच्या तालमींबद्दल धावतं. दोन तासांच्या नाटकाला पाच आठवडे असतील तर टेबलावरचं वाचन चार-पाच दिवसांत संपवा. त्यानंतरची चर्चा उभं राहून होऊ द्या. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी हातातली संहिता सुटली पाहिजे. रंगीत तालमीच्या आधी संपूर्ण नाटक सलग किमान पाच-सहा वेळा झालेलं असावं, नाहीतर नटांना दमाचं गणितच कळत नाही. हशाच्या जागा तालमीत कळत नाहीत, पण शिस्त लावून ठेवता येते: हशा शिगेला पोहोचून उतरायला लागला की पुढची ओळ घ्यायची. पूर्ण शांततेची वाट पाहिली तर वेग मरतो. शिगेवर बोललात तर प्रेक्षक ऐकण्यासाठी हसू गिळतात, आणि पुढच्या वेळी हसायला बिचकतात. हशा आणणाऱ्या ओळीच्या शेवटच्या शब्दावर कोणीही हलू नये. प्रयोग सुरू झाल्यावर प्रत्येक अंकाची वेळ मिनिटांत लिहून ठेवा. पन्नास मिनिटांचा अंक चोपन्नवर गेला आणि हशे वाढलेले नसतील, तर पॉझ सुजलेत. कुठे, ते त्या वहीवरून दोन प्रयोगांत सापडतं.

आता तुमच्यासाठी घरी करण्यासारखं एक काम. वरच्या सहा ओळी घ्या, एक जोडीदार घ्या, फोन स्टँडवर लावा. एकच क्रियापद धरून तीनदा चित्रित करा: फोन पाच मीटरवर, मग दोन मीटरवर, मग साठ सेंटीमीटरवर. साठ सेंटीमीटरवर चेहरा थोडा ताणलेला दिसेल, त्याकडे दुर्लक्ष करा. प्रत्येक वेळी जोडीदाराला त्याच्या ओळी आधीपेक्षा वेगळ्या द्यायला सांगा, कशा ते तुम्हाला कळू देऊ नका. नंतर तिन्ही आधी आवाज बंद करून बघा: तुम्हाला त्याच्याकडून काय हवंय हे कळतं का? मग चित्र न बघता फक्त ऐका: शेवटचे शब्द पडतायत का, आणि जोडीदाराने ओळ बदलून दिल्यावर तुमचं उत्तर बदललं का? बदललं नसेल तर फोनचं अंतर विसरा, पुन्हा पाच मीटरवर जा आणि ऐकण्यावर काम करा. बदललं असेल, तर साठ सेंटीमीटरच्या तुकड्यात फक्त एवढंच शोधा की तुमच्या चेहऱ्याने कुठे काही समजावून सांगितलं. ती जागा सेकंदासकट लिहून ठेवा, आणि पुढच्या टेकमध्ये तेवढीच काढा.